व्हीलचेअर ढकलणाऱ्याला किती द्यायचे?

एप्रिल लागला की आमच्या सहकारनगरातल्या सोसायटीत एक वजनकाटा या घरातून त्या घरात फिरायला लागतो. लेकाकडे, लेकीकडे निघालेल्यांच्या बॅगा तेवीस किलोच्या आत बसवायच्या असतात. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, नातवंडांचे कपडे. त्या गडबडीत, निघायच्या आदल्या दिवशी, एखाद्या काकू दारात येऊन हळू आवाजात विचारतात, "अगं, ती विमानतळावर खुर्ची ढकलणारी माणसं असतात ना, त्यांना किती द्यायचे असतात?"

प्रश्न पैशांचा वाटतो, पण त्याच्या पोटात भीती असते. नाही दिले तर मध्येच सोडून जाईल का? कमी दिले तर त्याचा अपमान होईल का? जास्त दिले तर घरी सगळे बोलतील का? सत्तरी ओलांडलेल्या, इंग्रजीची सवय नसलेल्या, पहिल्यांदाच एकट्या निघालेल्या बाईला या विचारांनी रात्रभर झोप लागत नाही, हे मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिलं आहे.

या भीतीवर मला सापडलेला उतारा साधा आहे. खुर्ची ढकलणाऱ्या माणसाचा पगार कोण देतं, ते आधी समजून घ्यायचं. देशोदेशी याचं उत्तर वेगळं आहे, आणि ते कळलं की किती द्यायचे हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

आधी पाया पक्का करू. खुर्ची फुकट आहे. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, दिव्यांग आणि चालण्याचा त्रास असलेल्या प्रवाशांसाठी स्वतंत्र नियम आहे. या मदतीसाठी विमान कंपनीने अशा प्रवाशाकडून वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. आपण करायचं ते इतकंच, की तिकीट काढतानाच किंवा निदान ४८ तास आधी कंपनीला कळवायचं. कळवताना तीन प्रकारांतला कुठला ते सांगावं लागतं. जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, हा पहिला. जिनाही चढता येत नाही, पण विमानाच्या आत आपल्या जागेपर्यंत चालता येतं, हा दुसरा. अजिबात चालता येत नाही, आसनापर्यंत उचलूनच न्यावं लागतं, हा तिसरा. तिकिटावर यांची अक्षरं अनुक्रमे डब्ल्यूसीएचआर, डब्ल्यूसीएचएस आणि डब्ल्यूसीएचसी अशी उमटतात. आपल्या बहुतेक आईवडिलांचा प्रकार पहिला असतो. पण गुडघे पार गेलेल्या माणसासाठी चुकून पहिला नोंदवला आणि विमान एरोब्रिजला, म्हणजे टर्मिनलपासून विमानाच्या दारापर्यंतच्या बंद पुलाला, न लागता लांब मैदानात उभं राहिलं, तर शिडीशी अडचण होते. म्हणून ती अक्षरं तिकिटावर नीट पाहून घ्या. टिपेपेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं.

आता पुण्याचंच बघू. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, त्यातल्या एका भागात आपली नागरी वाहतूक चालते. जुलै २०२४ पासून नवं टर्मिनल सुरू झालं आणि चालणं वाढलं. इथे खुर्ची ढकलणारी मुलं बहुधा विमान कंपनीची नसतात. कंपनी हे काम जमिनीवरची कामं करणाऱ्या एजन्सीला देते आणि एजन्सी मुलं नेमते. त्यांना महिन्याचा पगार असतो. टिप हा त्या पगाराचा भाग धरलेला नसतो, आणि प्रवाशाकडे पैसे मागायचे नाहीत अशी ताकीदही सहसा असते.

गेल्या वर्षी आईला पुण्याहून दिल्लीला जायचं होतं. आलेला मुलगा विशी-बाविशीतला, धानोरीत राहणारा. आईने दोन मिनिटांत त्याचं गाव, घरी कोण कोण, सगळं विचारून घेतलं. एका हाताने खुर्ची आणि दुसऱ्या हाताने बॅगांची ट्रॉली, असं दोन्ही तो सरळ रेषेत नेत होता. ते किती अवघड असतं, हे एकदा करून पाहिल्याशिवाय कळत नाही. सिक्युरिटीत त्याने आईची काठी वेगळी स्कॅनरमध्ये टाकली आणि ती बाहेर येताच सगळ्यात आधी तिच्या हातात दिली. एरोब्रिजच्या उताराशी आल्यावर त्याने खुर्ची फिरवली, स्वतः उताराकडे पाठ केली आणि उलट्या पावलांनी, अंगावर भार घेत, तिला खाली नेलं. "आजी, मागे टेकून बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा." सरळ नेली असती तर आई पुढे कलंडली असती. उतारावर खुर्ची उलटीच न्यायची असते, हे मला त्या दिवशी कळलं. त्याच्या पाठीवर शर्ट ओला झाला होता आणि बाहेर जानेवारी होता.

विमानाच्या दाराशी आईने त्याच्या हातात शंभराची नोट ठेवली. त्याने एकदा नको म्हटलं, मग घेतली. माझ्या मते पुण्यात, देशांतर्गत प्रवासाला, हे ठीक आहे. शंभर पुरेत. बेल्टवरून बॅगा उचलून बाहेर गाडीपर्यंत सोबत आला तर दोनशे द्या. नाही दिले तरी काही चुकलं नाही, कारण त्याचं काम तुमच्या नोटेवर अडलेलं नाही. फक्त सुट्टे पैसे जवळ ठेवा. अशा मुलांसमोर फोन काढून यूपीआयचा कोड विचारत बसू नका. ड्युटीवर असताना फोन काढून पैसे घेणं त्यांना अडचणीचं होतं.

मुंबईचं थोडं वेगळं. परदेशी जाणारे बरेच पुणेकर रात्रीच द्रुतगती मार्गाने मुंबईला निघतात आणि पहाटे टर्मिनल दोनच्या दारात उतरतात. तिथे अंतरं मोठी, गर्दी मोठी, आणि खुर्च्यांसाठी थांबावं लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून आलेल्या एका जोडप्याने दोन खुर्च्या नोंदवल्या होत्या. मिळाली एकच. पत्नीला खुर्चीत बसवून ऐंशी वर्षांचे आजोबा सोबत चालत निघाले, इमिग्रेशनपाशी कोसळले आणि गेले. दुसऱ्या खुर्चीसाठी थांबायला सांगितलं होतं, असं विमान कंपनीचं म्हणणं होतं. डीजीसीएने त्या कंपनीला ३० लाखांचा दंड केला. ही बातमी वाचल्यापासून मी प्रत्येकाला एकच सांगते. खुर्ची येईपर्यंत थांबा. वीस मिनिटं लागोत, चाळीस लागोत, 'एवढं काय, चालून जाऊ' असं म्हणू नका. विमानतळावरचं 'एवढं' एक-दीड किलोमीटर भरू शकतं. आणि खुर्ची लवकर मिळावी म्हणून कोणाच्या हातात नोट सरकवू नका. तुमच्या मागे रांगेत कदाचित तुमच्याहून थकलेला माणूस असतो.

मुंबईच्या परदेशी प्रवासाला मी दोनशे रुपये धरते. चेक-इन, इमिग्रेशन, सिक्युरिटी, गेट, असा तास-दीड तास तो माणूस सोबत असतो.

आता अमेरिका, कारण खरी धास्ती तिथलीच असते. तिथे १९८६ पासून एअर कॅरियर ॲक्सेस ॲक्ट नावाचा कायदा आहे. टर्मिनलच्या दारापासून विमानापर्यंत, एका विमानातून दुसऱ्या विमानापर्यंत आणि शेवटी बॅगा घेऊन बाहेर रस्त्यापर्यंत, ही सगळी मदत विमान कंपनीने विनामूल्य द्यायची. वाटेत स्वच्छतागृह लागलं तर थोडा वेळ थांबणं आणि हातातली बॅग उचलायला मदत करणं, हेही त्यातच आलं. गेटवर तुम्हाला खुर्चीत बसवून, स्वतःहून हलता येत नसताना, अर्ध्या तासाहून जास्त वेळ एकटं सोडून जायचं नाही, असाही नियम आहे. हे सगळं टिपेशी बांधलेलं नाही, हे आईवडिलांना निघण्याआधी शांतपणे समजावून सांगा.

मग तिथे टिप का देतात? कारण पगार. अमेरिकेत केंद्राने ठरवलेलं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, २००९ पासून तेवढंच. पण ज्या कामगाराला महिन्याला ३० डॉलरहून जास्त टिप नेहमी मिळते, त्याला मालकाने तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी कायद्याला चालतं. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टिप धरून किमान वेतन भरलं नाही तर उरलेला फरक मालकाने द्यायचा. हॉटेलातल्या वेटरसाठी ही रीत सगळ्यांना माहीत असते. विमान कंपन्या खुर्चीचं काम कंत्राटदारांना देतात आणि खुर्ची ढकलणाऱ्यांनाही काही ठिकाणी याच वर्गात धरलं गेलं. म्हणजे वरकमाई म्हणून आपण जी पाच डॉलरची नोट देतो, ती त्याच्या लेखी पगारातलाच तुकडा ठरू शकते. सगळीकडे असं नाही. अनेक राज्यांत वेतन जास्त आहे. माझा भाऊ राहतो त्या भागात, न्यूयॉर्क आणि नेवार्कच्या विमानतळांवर, ते विमानतळ चालवणाऱ्या पोर्ट ऑथॉरिटीने किमान वेतन वाढवत २०२३ मध्ये तासाला १९ डॉलरवर नेलं. पण प्रथा राहिली आहे, आणि समोरच्या माणसाचा पगार नेमका किती, हे खुर्चीत बसून कळत नाही.

म्हणून अमेरिकेत द्यायचेच, असं धरून चला. साधी फेरी, म्हणजे दारापासून गेटपर्यंत किंवा गेटपासून दारापर्यंत, पाच डॉलर. लांबचं अंतर, इमिग्रेशनची रांग, दोन विमानांमधली धावपळ असेल तर दहा. पहिल्या विमानतळावर उतरल्यावर बॅगा घ्याव्या लागतात, कस्टममधून न्याव्या लागतात आणि पुढच्या विमानासाठी परत सोपवाव्या लागतात. तेवीस किलोच्या चार बॅगा त्या माणसाने पट्ट्यावरून उतरवल्या असतील तर जोडप्याने मिळून पंधरा-वीस डॉलर देणं मला योग्य वाटतं. आपल्याकडचे ज्येष्ठ इथे लगेच रुपयांत गुणाकार करतात. "दहा डॉलर म्हणजे आठशेच्या वर झाले की!" झाले. पण तो माणूस भाडं डॉलरमध्ये भरतो आणि दूधही डॉलरमध्येच घेतो. त्याच्या एक तासाच्या कष्टाशी ताडून पाहिलं तर रक्कम मोठी राहत नाही.

यातली मेख अशी, की तिथे एकच माणूस शेवटपर्यंत सोबत नसतो. विमानाच्या दारातून एकजण घेतो, इमिग्रेशननंतर खुर्चीवाल्या प्रवाशांसाठीच्या थांबायच्या जागी बसवून जातो, तिथून दुसरा नेतो, कधी तिसरा गेटवर पोचवतो. मग कोणाला द्यायचे? जो हात सोडतो त्याला, सोडतानाच. 'शेवटी एकदम देऊ' म्हणून थांबलं तर पहिला, ज्याने रांगेत पाऊण तास काढला, तो रिकाम्या हाताने जातो आणि शेवटचा, ज्याने दोनशे पावलं ढकललं, त्याला सगळं मिळतं. लांब पल्ल्याला पाच-दहा, छोट्या टप्प्याला दोन-तीन, असं वाटून टाका.

त्यासाठी सुट्ट्या नोटा जवळ हव्यात, आणि बाबांच्या पहिल्या प्रवासात नेमकं तेच हुकलं होतं. परदेशातल्या एका विमानतळावर, बाहेर पडायच्या दारापाशी, ढकलणारा माणूस खुर्ची थांबवून नुसता उभा राहिला. बोलला काही नाही. बाबांच्या पाकिटात सगळ्या पन्नास आणि शंभरच्या नोटा, इथून बदलून घेतलेल्या. परत सुट्टे मागायचं धैर्य झालं नाही. त्यांनी पन्नास डॉलर दिले आणि पुढचे दोन महिने ती गोष्ट मनात ठेवली, भावालासुद्धा सांगितली नाही. मला कळलं ते ते परत आल्यावर, आणि फार वाईट वाटलं. पैशांपेक्षा त्या दाराशी त्यांना जे लाचार वाटलं असेल त्याचं. चूक आमची होती, आम्ही त्यांना तयार करून पाठवलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे डॉलर घेताना सुट्ट्यांचा हट्ट धरतो. लक्ष्मी रोडवर असो की डेक्कनला, पैसे बदलून देणारे मागितल्याशिवाय मोठ्या नोटाच देतात. एक, पाच आणि दहाच्या नोटा हव्यात असं दोन दिवस आधी फोन करून सांगा. एखादा परिचित नुकताच अमेरिकेहून आला असेल तर त्याच्याकडे हमखास एकच्या नोटा पडून असतात. पाचच्या सहा आणि एकच्या दहा, एवढ्यात जाणं-येणं निभतं. या नोटा मुख्य पाकिटात ठेवू नका. पासपोर्ट आणि मोठ्या नोटांचं पाकीट सगळ्यांसमोर उघडावं लागू नये.

आणि कोणी तोंड उघडून मागितलेच तर? अमेरिकेत तिथल्या कर्मचाऱ्यांनाही मागायची सहसा मनाई असते. घाबरायचं नाही. 'थँक यू' म्हणायचं, द्यायचे तेवढे द्यायचे किंवा द्यायचे नाहीत. गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव बघून ठेवायचं. खुर्ची अर्ध्यात थांबवली, अडवून धरलं, तर जवळच्या कुठल्याही गणवेशातल्या माणसाला 'सीआरओ' एवढी तीन अक्षरं सांगायची. तक्रार निवारणासाठी असा अधिकारी नेमणं तिथल्या विमान कंपन्यांना कायद्याने बंधनकारक आहे. ही अक्षरं आईला मी पाठ करून घेतली आहेत. भारतात असं झालं तर विमान कंपनीकडे लिहा आणि सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा. तारीख, उड्डाणाचा क्रमांक आणि वेळ लिहिली की पुरे.

युरोपात गोष्टच उलटी आहे. तिथे २००६ चा एक नियम २००८ पासून पूर्ण लागू आहे. त्यानुसार ही जबाबदारी विमान कंपनीची नाही, विमानतळाची. विमानतळ त्याचा खर्च सगळ्या विमान कंपन्यांकडून प्रवासीसंख्येच्या प्रमाणात वसूल करतो. म्हणजे खुर्ची न वापरणारा तरुणसुद्धा त्याच्या तिकिटातून त्यात थोडा वाटा उचलतो. ब्रिटनमध्येही हीच पद्धत चालू आहे. ढकलणाऱ्याला पगार असतो आणि टिपेची अपेक्षा नसते. फ्रँकफर्ट किंवा लंडनला विमान बदलायचं असेल तर मनावर ओझं न ठेवता नुसते आभार माना. कोणी फारच मायेने वागलं तर दोन-पाच युरो दिल्याने काही बिघडत नाही. नियमामुळे घेता येत नाही असं तो म्हणाला, तर आग्रह करू नका.

आखातात, दुबई-दोहाला, मदत फुकटच. टिपेची सक्ती नाही. तिथे ढकलणारा पुष्कळदा केरळचा, नेपाळचा नाहीतर फिलिपिन्सचा असतो, घरापासून लांब आलेला. आई त्याच्याशी तिच्या हिंदीत बोलते. दोन-तीन डॉलर दिले तर ते मनापासून घेतले जातात. सिंगापूरला टिपेची रीत नाही. जपानमध्ये तर देऊच नका. पैसे पुढे केले की समोरचा माणूस अडचणीत येतो, वाकून परत करतो आणि तुम्हालाच ओशाळल्यासारखं होतं.

जिथे पैसे द्यायचे नसतात तिथे एक गोष्ट जरूर करा. त्या माणसाचं नाव लक्षात ठेवा आणि मुलांना सांगून विमान कंपनीला किंवा विमानतळाला चार ओळी लिहून पाठवा. कंत्राटी कामगाराबद्दल तक्रारी भराभर जातात, कौतुक क्वचितच कोणी लिहितं.

एक गोष्ट मला मनापासून बोलायची आहे, कटू वाटली तरी. आपल्याकडे अनेक जण चालता येत असूनही खुर्ची मागतात, कारण इंग्रजी येत नाही, रस्ता चुकेल असं वाटतं. ती भीती खोटी नाही, मी ती जवळून पाहिली आहे. पण त्यासाठी वेगळी सोय मागता येते. तिकिटावर तिचं अक्षर एमएएएस, म्हणजे सोबत घेऊन जाणारा माणूस द्या, खुर्ची नको. सगळ्या कंपन्या सगळीकडे ती देतीलच असं नाही, काही जण पैसे घेतात, पण आधी विचारून तर बघा. किंवा त्याच विमानाने जाणारं एखादं मराठी कुटुंब शोधा. पुण्यातून निघणाऱ्या विमानात असं कुटुंब सापडलं नाही, असं आमच्या बाबतीत तरी अजून झालेलं नाही. खुर्च्या मोजक्या असतात, आणि मुंबईतल्या त्या आजोबांना मिळाली नाही ती एक खुर्ची माझ्या मनातून जात नाही.

टिप देताना कशी द्यायची, हेही काकू विचारतात. घडी घातलेली नोट, उजव्या हाताने, डोळ्यांत बघून. खुर्चीतून उठायच्या आधी, कारण उठल्यावर काठी, पर्स, बोर्डिंग पास सांभाळताना हात मोकळा राहत नाही. "घ्या दादा, चहा प्या" हे वाक्य पुणे-मुंबईत पुरतं, बाहेर "थँक यू, फॉर यू". त्याला 'ए' म्हणून हाक मारू नका, टिचकी तर मुळीच वाजवू नका. रांगेत अर्धा तास उभं राहून त्याचेही पाय दुखत असतात.

यंदा शेजारच्या काकू मे महिन्यात निघाल्या आहेत, मुंबई-लंडन-बॉस्टन. त्यांच्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात मी एक कागद घडी घालून ठेवला आहे, मोठ्या अक्षरांत लिहिलेला. मुंबई दोनशे. लंडन नाही. बॉस्टन, बॅगा उचलल्या तर पंधरा, नाहीतर दहा. खुर्ची येईपर्यंत थांबायचं. त्याखाली मुलाचा फोन नंबर, आणि कागदाच्या आत पाचच्या नोटा.